जुन्या इमारतीला ऊर्जेचे तारे मिळवताना

२०१८ च्या जानेवारीत आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू कंपनीचे पत्र आले. भाडेकरार वाढवायचा होता आणि नेहमीच्या मुद्द्यांत एक नवा मुद्दा होता: इमारतीला ऊर्जा कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आहे का, नसल्यास कधीपर्यंत मिळेल? मी गोव्यात, फोंड्यातल्या एका सहकारी संस्थेत प्रशासनाचे काम पाहते. इमारत १९९४ ची, चार मजली. दोन मजले संस्थेचे, दोन भाड्याने दिलेले. घरपट्टी, विमा, अग्निशमनाची कागदपत्रे यांची मला सवय आहे. ऊर्जेचे तारे मात्र फ्रिज आणि एसीवर चिकटवलेले तेवढेच पाहिले होते. प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात मराठीत कुणाचा अनुभव वाचायला मिळतो का म्हणून पुष्कळ शोधले, काही सापडले नाही. म्हणून कंटाळवाणे तपशीलही न गाळता लिहिते आहे.

पत्र आले त्याचे कारण लवकरच कळले. त्या कंपनीचे मूळ मालक इंग्लंडचे. तिथे व्यापारी जागा विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र लागतेच, ए पासून जी पर्यंत दर्जा मिळतो, आणि इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून, काही सवलती सोडल्या तर, ई च्या खालच्या जागेचा नवा करार करता येत नाही. त्यांनी तोच प्रश्न आपल्या जगभरच्या सगळ्या जागांना विचारला होता. आपल्याकडे तशी सक्ती नाही. आपल्याकडे आहे ती ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची, म्हणजे बीईईची, इमारतींसाठीची तारांकन योजना. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ब्युरो स्थापन झाला १ मार्च २००२ ला, आणि कार्यालयीन इमारतींना तारे देणे सुरू झाले २००९ मध्ये. योजना ऐच्छिक आहे. जोडभार, म्हणजे सगळ्या उपकरणांच्या क्षमतेची बेरीज, १०० किलोवॅट किंवा जास्त असलेल्या इमारतीला अर्ज करता येतो.

सुरुवातीला मला ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला त्यांनी एका गोष्टीत गोंधळ केला, तो इथेच सोडवते. ईसीबीसी नावाची एक संहिता आहे, २००७ ची आणि सुधारित २०१७ ची. ती नव्या इमारती कशा बांधाव्यात याबद्दल आहे: भिंतीतून किती उष्णता आत यावी, काच कशी असावी वगैरे. आमच्यासारख्या उभ्या असलेल्या इमारतीचे तारे तिच्यावरून ठरत नाहीत. ते ठरतात वर्षभरात प्रत्यक्ष किती वीज वापरली त्यावरून. इंग्लंडचा ए ते जी दर्जा इमारतीच्या बांधणीवरून हिशेबाने काढतात, आपले तारे बिलावरून निघतात. हे समजले तेव्हा माझी भीती अर्धी झाली. चोवीस वर्षांच्या इमारतीची बांधणी बदलणे आम्हाला परवडले नसते. तिची वागणूक बदलणे आमच्या हातात होते.

हिशेब एका ओळीचा आहे. बारा महिन्यांत इमारतीने घेतलेली वीज, अधिक जनरेटरने तयार केलेली वीज, भागिले बांधकामाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. येईल तो आकडा म्हणजे ईपीआय, दर चौरस मीटरला वर्षाला इतके युनिट. छतावर सौर पॅनेल असतील तर त्यांची वीज यात धरत नाहीत. पार्किंगचे तळघर क्षेत्रफळात धरत नाहीत. मग आपला हवामान विभाग पाहायचा. गोवा उष्ण-दमट विभागात येतो, मुंबई, चेन्नई, कोलकाता यांच्या सोबतीने. आम्ही अर्ज केला तेव्हाचा तक्ता असा: या विभागात निम्म्याहून जास्त क्षेत्र वातानुकूलित असेल तर २०० ते १७५ ला एक तारा, १७५ ते १५० ला दोन, १५० ते १२५ ला तीन, १२५ ते १०० ला चार आणि १०० च्या खाली पाच. निम्म्याहून कमी क्षेत्र वातानुकूलित असेल तर तक्ता पूर्ण वेगळा: एक तारा ८५ पासून सुरू होतो आणि पाच तारे ४५ च्या खाली.

या दोन तक्त्यांमधली रेघ नीट लक्षात घ्या. आमच्या एका संचालकांनी बैठकीत सुचवले की दोन हॉलमधले एसी काढून टाकू, वीज वाचेल आणि तारेही वाढतील. वीज वाचली असती. पण आमचे वातानुकूलित क्षेत्र ५८ टक्के होते, ते पन्नासच्या खाली गेले असते आणि आम्ही दुसऱ्या तक्त्यात गेलो असतो, जिथे आमच्या वापराला एकही तारा नाही. हे कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांनाही पटले. ज्यांची इमारत या रेघेच्या आसपास आहे त्यांनी कुठलाही एसी लावण्याआधी किंवा काढण्याआधी हा हिशेब करावा.

फेब्रुवारीत मी बिले गोळा करायला बसले. आमच्या दोन मजल्यांना, लिफ्टला, पंपाला आणि बाहेरच्या दिव्यांना उच्चदाबाची एक जोडणी आहे, स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरसह. भाडेकरूंचे मीटर वेगळे, वीज खात्याकडून थेट घेतलेले. तारे मात्र संपूर्ण इमारतीला मिळतात, म्हणजे भाडेकरूंचे युनिटही लागणार. इथे पहिली अडचण आली. एका कार्यालयाने स्पष्ट सांगितले, आमची बिले तुम्हाला दाखवणार नाही. त्यांचेही चुकत नव्हते. बिलावरून धंद्याचा अंदाज येतो. मग मी एक छोटा तक्ता केला: महिना, मागचे रीडिंग, चालू रीडिंग, युनिट. रुपयांचा रकाना ठेवलाच नाही. सोबत एक संमतीपत्र, की ही माहिती फक्त या अर्जासाठी वापरली जाईल आणि पडताळणीच्या दिवशी मूळ बिले फक्त पडताळणी करणाऱ्यालाच दाखवायची. यावर सगळ्यांनी सह्या केल्या. तुम्हालाही भाडेकरू असतील तर रुपये मागू नका, युनिट मागा.

बिलांच्या तारखा जुळत नाहीत हेही आधी सांगून ठेवते. आमचे रीडिंग महिनाअखेरीस होते, भाडेकरूंचे महिन्याच्या मधल्या कुठल्या तरी दिवशी. त्यामुळे एप्रिल ते मार्च असे बारा महिने काढायला दोन्ही टोकांची बिले दिवसांच्या प्रमाणात विभागावी लागतात. म्हणून बारा बिलांवर थांबू नका, अलीकडचे आणि पलीकडचे एकेक बिलही घेऊन ठेवा.

क्षेत्रफळाने बिलांपेक्षा जास्त वेळ खाल्ला. मंजूर नकाशात चौरस मीटर, भाडेकरारांत चौरस फूट, आणि तेही सुपर बिल्ट-अप, ज्यात जिना आणि लिफ्टचा वाटा मिसळलेला. एका चौरस मीटरला १०.७६४ चौरस फूट हे गुणोत्तर लावून सगळे एकत्र केले तरी बेरीज नकाशाशी जुळेना. शेवटी संस्थेच्या वास्तुविशारदांना बोलावून मजल्यागणिक मोजमाप केले. तळघरातले पार्किंग सोडून २,५६० चौरस मीटर भरले, त्यांपैकी वातानुकूलित १,४८०. त्यांनी सही-शिक्क्याचा क्षेत्रफळ दाखला दिला, त्याचे पंधरा हजार रुपये झाले. हा आकडा भागाकाराच्या खाली बसतो, म्हणून त्यात शंका राहिली तर वरचे सगळे कष्ट लटके पडतात. वास्तुविशारदांचा दाखला आणि भोगवटा दाखला, दोन्ही तयार ठेवा.

मार्चचे बिल एप्रिलमध्ये हातात आले आणि २०१७-१८ चा आकडा निघाला. सगळ्या मीटरांचे मिळून ४,१२,३६० युनिट, जनरेटरचे ११,२४०. एकूण ४,२३,६००. भागिले २,५६०. उत्तर १६५.५. म्हणजे दोन तारे.

त्याच दिवशी अर्ज करता आला असता. संचालक मंडळात त्यावर बराच वेळ चर्चा झाली. दोन तारे असलेली पाटी दारावर लावायची, की वर्षभर काम करून मग अर्ज करायचा? पाटी पाच वर्षांसाठी असते. आमचा आकडा १५० च्या फार दूर नव्हता. भाडेकरू कंपनीला आम्ही वेळापत्रकासह पत्र लिहिले, त्यांनी करार वाढवून दिला आणि प्रमाणपत्रासाठी २०१९ अखेरपर्यंत मुदत दिली. मला वाटते, त्यांना खरे आकडे दाखवले याचा उपयोग झाला.

मग ऊर्जा लेखापरीक्षक शोधला. तारांकनाच्या अर्जाआधी लेखापरीक्षण करावेच असे नाही, पण आम्हाला वीज जाते कुठे हेच माहीत नव्हते. यासाठी बीईईची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेले प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक असतात; त्यांचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. आमच्याकडे तीन प्रस्ताव आले. त्यांतला एक फुकट होता. एसी विकणाऱ्या एका कंपनीने सांगितले की तपासणी आम्ही विनामूल्य करू. मी तो नाकारण्याची शिफारस केली, कारण अशा तपासणीच्या शेवटी यंत्रांचे कोटेशन येणार हे उघड होते आणि आम्हाला आधी विकत न घेता काय करता येईल ते हवे होते. कोल्हापूरच्या एका लेखापरीक्षकांना काम दिले: १,४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, राहण्याची सोय आमची. मे महिन्यात, उकाडा ऐन भरात असताना ते आले, आणि पावसाळ्यातली हवा पाहण्यासाठी जुलैत पुन्हा येतील असे करारातच लिहून घेतले. गोव्यात ही दुसरी भेट नक्की मागा. इथला एसी नुसती हवा थंड करत नाही, हवेतले पाणी काढण्यातही त्याची बरीच वीज जाते, आणि ते मे महिन्याच्या तपासणीत पुरते कळत नाही.

उजेड मोजणारा लक्स मीटर, तारेतला विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, हवेचा वेग मोजायचे यंत्र, उष्णता दाखवणारा कॅमेरा असे बरेच काही त्यांच्याकडे होते. पण आमच्यासाठी निर्णायक ठरला तो मुख्य पॅनेलवर लावलेला, किती वीज जाते ते सतत नोंदवणाऱ्या यंत्राचा डबा. भाडेकरूंच्या पॅनेलवरही त्यांच्या परवानगीने तसेच यंत्र बसवले. शनिवारी संध्याकाळी लावले आणि सोमवारी सकाळी काढले. रविवारी इमारत बंद असते. आलेखाची रेघ खाली येऊन शून्याच्या जवळ जाईल अशी माझी समजूत होती. ती चौदा किलोवॅटवर आडवी पडून राहिली होती, रात्रभर आणि रविवारभर.

लेखापरीक्षकांनी कागदावर गुणाकार केला. वर्षाचे तास ८,७६०, कामाचे साधारण २,४००. उरलेले ६,३६० तास गुणिले चौदा म्हणजे जवळजवळ ८९,००० युनिट. आमच्या वर्षाच्या विजेतला पाचवा हिस्सा, इमारतीत माणूस नसताना.

पुढच्या रविवारी आम्ही मजल्यामजल्यावर फिरलो: लेखापरीक्षक, आमचा इलेक्ट्रिशियन, रात्रीचा राखणदार आणि मी. राखणदार मामांना खरे म्हणजे कुणी बोलावले नव्हते, ते आपणहून सोबत आले. सर्व्हर खोलीत दोन एसी एकाच वेळी चालू, दोन्ही १८ वर. रेकॉर्ड रूममधला एसी बाराही महिने, कारण पावसाळ्यात फायलींना बुरशी येते. प्रत्येक मजल्यावरचा पाण्याचा कूलर चालू. बाहेरच्या भिंतीवरचे मेटल हॅलाइडचे दिवे दिवसा चालू, कारण टायमर बिघडला होता. चौथ्या मजल्यावरच्या एका केबिनमधला एसी तर कुणाच्याच यादीत नव्हता. मामा म्हणाले, "म्हाका खबर आसा. तो रातचो सदांच चलता." वर्षानुवर्षे रात्री गच्चीवरच्या यंत्रांचा आवाज ऐकणारा माणूस तो, त्याला विचारायचे कुणाच्या मनात आले नव्हते. लेखापरीक्षण करणार असाल तर पहिल्या बैठकीला राखणदाराला आणि इलेक्ट्रिशियनला बसवा. यात मला कसलीही शंका उरलेली नाही.

जूनपासून दुरुस्त्या सुरू झाल्या आणि बहुतेकांना पैसे लागले नाहीत. सर्व्हर खोलीतले एसी आलटून पालटून चालतील असा टायमर बसवला आणि तापमान २४ केले. आमच्या संगणक विभागाने यावर आधी तीव्र आक्षेप घेतला. सर्व्हरमध्ये जाणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते असे अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, हे लेखापरीक्षकांनी दाखवले आणि खोलीत तापमापक टांगून महिनाभर नोंदी ठेवल्या, तेव्हा त्यांची काळजी मिटली. कूलरना आणि दिव्यांना टायमर. रेकॉर्ड रूमसाठी आर्द्रता काढणारे यंत्र घेतले, अडतीस हजारांना. ते ठरलेल्या आर्द्रतेला आपोआप बंद होते. जुलैच्या मुसळधार पावसात रोज सकाळी मी स्वतः जाऊन फायली उघडून पाहत होते. बुरशी आली नाही. एसीने खोली गार ठेवली जात होती, फायलींना हवा होता तो कोरडेपणा.

रात्रीचा भार चौदावरून आठ किलोवॅटवर आला. त्याखाली फारसे जाता आले नाही. सर्व्हर, एटीएम, सुरक्षेचे दिवे आणि ट्रान्सफॉर्मरची स्वतःची झीज हे राहणारच. आमचा मीटर ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाबाच्या बाजूला असल्याने ती झीजही आमच्याच खात्यात धरली जाते.

दिवसाच्या एसीचा प्रश्न माणसांचा होता, म्हणून जास्त नाजूक. त्याच जूनमध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने मोठ्या कार्यालयांनी एसी २४ अंशांवर ठेवावेत असे आवाहन केले होते आणि ते वर्तमानपत्रांत आले होते, त्याचा आधार मिळाला. दर अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते असे बीईई सांगते. पण पश्चिमेच्या खिडकीशी बसणाऱ्या मुलीला दुपारी तीन वाजता हे सांगून काय उपयोग? तिच्या टेबलावर ऊन येत होते. आधी ते ऊन अडवले. खिडक्यांच्या आत पडदे होतेच, पण काचेतून आत आलेली उष्णता पडदा बाहेर पाठवत नाही. म्हणून बाहेरून बांबूच्या चिका सोडल्या, पावसाळ्यात गुंडाळता येतील अशा. मग भिंतीवर पंखे लावले. काही वर्षांपूर्वी फॉल्स सीलिंग केले तेव्हा छताचे पंखे काढले गेले होते, आणि तेव्हापासून वारा नसलेल्या दमट खोलीत लोक एसी खाली खाली आणत होते. वारा लागू लागल्यावर २४ वर तक्रारी थांबल्या. एक-दोन केबिन अजूनही २२ वर असतात. त्यावर आम्ही वाद घातला नाही.

चतुर्थीनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, ट्यूबलाइट बदलल्या. ३६ वॅटच्या जुन्या, चोकसह पन्नासच्या घरात जाणाऱ्या चारशेवीस नळ्या काढून २० वॅटच्या एलईडी लावल्या. मजुरीसह सव्वा लाखाच्या आसपास. बदलण्याआधी आणि नंतर टेबलांवर लक्स मीटर ठेवला. कार्यालयात ३०० ते ५०० लक्स असावेत, आमच्या काही कोपऱ्यांत आधी दीडशेही नव्हते. उजेड वाढला आणि वीज कमी झाली. जुन्या नळ्यांत पारा असतो, त्या कचऱ्यात टाकू नका. आम्ही अधिकृत ई-कचरा संकलकाला दिल्या आणि पावती फाइलला लावली.

कपॅसिटर बँकेबद्दल थोडक्यात: तिने पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामाला येते ते प्रमाण, सुधारते. ते सुधारले की उच्चदाबाच्या बिलात फरक पडतो, पण ईपीआय युनिटवर मोजला जातो, त्यामुळे ताऱ्यांना त्याचा उपयोग नाही. आम्ही ती दुरुस्त केली, पण वेगळ्या कारणासाठी.

जनरेटरकडे मात्र लक्ष द्या. फोंड्यात पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. डिझेलच्या बिलांवरून युनिटचा अंदाज काढता येतो, पण अंदाजावर प्रश्न येतात. आमच्या पॅनेलवर युनिट मोजणारा मीटर होता आणि इलेक्ट्रिशियन प्रत्येक वेळी वहीत सुरू-बंदची वेळ आणि रीडिंग लिहीत असे. पुढे पडताळणीत ती तेलकट डागांची वही सगळ्यात विश्वासाचे कागद ठरली. मीटर नसेल तर बसवून घ्या; तेव्हा तो सहा-सात हजारांत बसत असे. तो बसवल्याच्या दिवसापासून बारा महिने मोजा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस माझ्यासाठी कठीण गेले. पाऊस ओसरल्यावर जो चिकट उकाडा येतो त्यात युनिट पुन्हा चढले, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या जवळ गेले. रात्री झोप लागेना. संचालक मंडळाला मी शब्द दिला होता, भाडेकरूंना पत्र लिहिले होते, आणि पन्नास-साठ माणसांना माझ्या सांगण्यावरून सवयी बदलायला लावल्या होत्या. लेखापरीक्षकांना फोन केला. ते म्हणाले, महिना पाहू नका, बारा महिन्यांची सरकती बेरीज पाहा. तसा तक्ता केला तर उतार स्पष्ट दिसत होता. आमच्या सूचनाफलकावर मी दर महिन्याला हीच सरकती बेरीज लावू लागले, आणि मग लोकच विचारू लागले की या महिन्यात किती.

एप्रिल २०१९ मध्ये मार्चचे बिल आले. सगळ्या मीटरांचे मिळून ३,५४,९०० युनिट, जनरेटरचे ८,७८०, एकूण ३,६३,६८०. ईपीआय १४२.१. तीन ताऱ्यांच्या पट्ट्यात.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. इमारतीचा पत्ता, वापराचा प्रकार, कामाचे तास, जोडभार, वीजकरारात ठरलेली कमाल मागणी, क्षेत्रफळ, वातानुकूलित क्षेत्र, महिन्यागणिक युनिट, जनरेटरची क्षमता आणि युनिट, एसी-दिवे-पंप यांची यादी. शुल्क किती ते आधीच पाहून ठेवा आणि खर्चाचा ठराव मंडळाकडून अर्जापूर्वी मंजूर करून घ्या; सहकारी संस्थेत ठरावाशिवाय पैसे हलत नाहीत आणि पुढची बैठक महिनाभर लांब असू शकते. गोव्यात या कायद्यासाठी राज्याने नेमलेली यंत्रणा म्हणजे वीज खात्याच्या मुख्य विद्युत अभियंत्यांचे कार्यालय, पणजीच्या विद्युत भवनात. जोडभाराबद्दलच्या शंका मी तिथे जाऊन विचारल्या. मंजूर भार आणि जोडभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या अभियंत्यांनी शांतपणे समजावून दिले: पहिला खात्याने मंजूर केलेला, दुसरा तुमच्या सगळ्या उपकरणांच्या क्षमतेची बेरीज.

एक कागद अडला. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत हवी होती आणि ज्या कार्यालयातून ती मिळते तिथले बरेच कर्मचारी लोकसभा निवडणुकीच्या कामावर होते. गोव्यात २३ एप्रिलला मतदान झाले, त्यानंतरही फाइल सापडायला वेळ लागला, १९९४ ची ती. प्रत मिळाली तेव्हा मे संपत आला होता. हा कागद अर्जाच्या वर्षाची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात काढून ठेवा.

जुलैत, पाऊस धो धो कोसळत असताना, पडताळणीसाठी अधिकारी आले. दिवसभर होते. लेसरने खोल्या मोजल्या, प्रत्येक मीटरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहिला, एसी मोजले, जनरेटरची वही पानागणिक वाचली. भाडेकरूंनी ठरल्याप्रमाणे मूळ बिले त्यांनाच दाखवली. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी रेकॉर्ड रूमच्या यंत्राबद्दल बरेच विचारले. फायली आणि बुरशीचा प्रश्न त्यांना नवा होता. नंतर ऑगस्टमध्ये ईमेलने एक खुलासा मागितला: दोन मजल्यांवरचे मार्ग वातानुकूलित धरले आहेत, तिथे हवेची जाळी कुठे आहे? छायाचित्रे आणि नकाशावर खुणा करून पाठवल्या. असा प्रश्न आला की घाबरू नका, नाकारण्याची ती सुरुवात नसते. शक्य तितक्या लवकर, मागितले तेवढेच आणि पुराव्यासह उत्तर द्या.

त्यानंतर शांतता. चतुर्थी झाली, सप्टेंबर गेला. मी दर सोमवारी संकेतस्थळावर स्थिती पाहत होते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, नाक्यानाक्यावर नरकासुर उभे राहत असताना, तीन ताऱ्यांचे प्रमाणपत्र आले. राखणदार मामांना पहिल्यांदा दाखवले.

एकूण खर्च जीएसटी धरून चार लाखांच्या थोडा आत राहिला: लेखापरीक्षण, क्षेत्रफळ दाखला, एलईडी, आर्द्रता यंत्र, पंखे, चिका, टायमर. अर्जाचे शुल्क यात धरलेले नाही. वर्षाला जवळजवळ साठ हजार युनिट कमी झाले, आणि एलईडी व पंख्यांचे पूर्ण वर्ष अजून यात आलेलेही नाही.

प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, पण दरवर्षी वापराचे आकडे कळवायचे असतात, म्हणून तक्ता बंद केलेला नाही. छतावर सौर पॅनेल लावण्याचा विषय नोव्हेंबरच्या बैठकीत आहे. तो आधी घेतला असता तर छतावरची वीज हिशेबातून वगळली गेली असती, आकडा सहज खाली आला असता आणि रात्रीचे ते चौदा किलोवॅट तसेच चालू राहिले असते. आता गच्चीचे मोजमाप झाले आहे. पश्चिमेच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी किती पुढे येते ते इलेक्ट्रिशियन खडूने आखून ठेवतो आहे. चार ताऱ्यांसाठी १२५ च्या खाली जावे लागेल, म्हणजे अजून साधारण ४४,००० युनिट, आणि त्यासाठी जुने एसी टप्प्याटप्प्याने बदलावे लागतील. पहिल्या टप्प्यात चौथा मजला घेतला आहे.